फुटक्या भांड्यांचा चुरा

निकालाचे दिवस आले की आमच्या मिरजेत दोन प्रकारची घरे दिसू लागतात. एका घरातून पेढ्यांचे खोके बाहेर पडतात आणि दुसऱ्या घराचे दार भरदिवसा बंद असते. मिरज हे दवाखान्यांचे गाव. इथे ज्याचे मूल विज्ञान शाखेला जाते, तो मनातल्या मनात त्याच्या नावाआधी 'डॉ.' लावून मोकळा होतो. आम्हीही लावले होते.

माझ्या मुलाने 'नीट' दोनदा दिली. पहिल्या वेळी थोडक्यात हुकली, म्हणून एक वर्ष थांबवून त्याला दुसऱ्या शहरातल्या क्लासला ठेवले. त्याच्या अब्बांचे हार्डवेअरचे छोटे दुकान आहे, त्यावर त्यांनी कर्ज काढले. मी भिशीचे पैसे उचलून दिले. दुसऱ्या वेळी गुण पहिल्यापेक्षाही कमी आले.

मी बी.एड. झालेली शिक्षिका आहे. वीस वर्षे मुलांना उर्दू आणि मराठी शिकवते. पालकसभेत इतरांना सांगते, "मुलांची तुलना करू नका, निकालावरून त्यांना बोलू नका." आणि त्या रात्री मी माझ्याच स्वयंपाकघरात माझ्या मुलाला म्हणाले, "तुझ्यामुळे शाळेत मला मान खाली घालावी लागते."

तो काही बोलला नाही. आपले ताट धुऊन पालथे ठेवले आणि खोलीत गेला. त्यानंतर कितीतरी दिवस 'हो', 'नाही' आणि 'भूक नाही' याखेरीज त्याच्या तोंडून शब्द नव्हता. नात्यातल्या एका लग्नाला आम्ही त्याला नेले नाही. कोणी विचारले तर "त्याला ताप आहे" असे मी फोनवर सांगत होते, आणि तो दारात उभा राहून ऐकत होता, हे मला नंतर कळले.

माझी धाकटी बहीण पुण्यात राहते. तिनेच एक दिवस फोन केला. "आपा, त्याला थोडे दिवस माझ्याकडे पाठव. माझ्या मुलीला शाळेत सोडायला, आणायला माणूस हवाच आहे." मी पाठवला. वाटले, हवापालट होईल आणि दिवाळीनंतर तिसऱ्या प्रयत्नाला बसेल. त्याच्या अब्बांनी क्लासची चौकशीही करून ठेवली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी त्याला आणायला गेले. बहिणीने दारातच सांगितले, "तो घरी नाही. मातीच्या स्टुडिओत आहे. आज त्यांची राकू भट्टी आहे. चल, तुलाही दाखवते."

झाले होते असे की, भाचीला शनिवारी मातीकामाच्या वर्गाला सोडायला म्हणून तो जायचा. वर्ग संपेपर्यंत बाहेर कट्ट्यावर बसायचा. तिसऱ्या शनिवारी तिथल्या ताईंनी त्याला आत बोलावले आणि म्हणाल्या, "नुसता बसतोस त्यापेक्षा एवढं कुटून दे." तेव्हापासून तो रोज जाऊ लागला होता.

आम्ही पोहोचलो तेव्हा माझा मुलगा बंगल्याच्या मागच्या अंगणात उकिडवा बसून लोखंडी खलात काहीतरी कुटत होता. डोक्याला रुमाल, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत पांढरी धूळ. खरे सांगते, माझ्या पोटात कालवले. दोन वर्षांची फी, कर्ज, भिशी आणि शेवटी हे? खापऱ्या कुटणे?

त्याने मला पाहिले, सलाम केला आणि पुन्हा कुटायला लागला. मी विचारले, "हे काय आहे?"

"ग्रॉग," तो म्हणाला. मग मला समजत नाही हे पाहून थांबला. "अम्मी, ही भाजलेली पण फुटलेली भांडी आहेत. यांचा चुरा करायचा, चाळायचा आणि नव्या मातीत मिसळायचा. राकूच्या मातीत हा लागतोच."

"का?"

त्या 'का'वर तो जे बोलायला लागला, ते बोलणे मी वर्षभरात ऐकले नव्हते.

साधी भट्टी असते तेव्हा भांडी तापवली की आतच हळूहळू थंड होऊ देतात, कधी एक दिवस, कधी दोन दिवस. राकूमध्ये तसे नाही. भांडे लालबुंद असतानाच लांब चिमट्याने भट्टीतून उचलून उघड्या हवेत आणायचे. आत साडेनऊशे-हजार अंश सेल्सिअस आणि बाहेर पुण्याची तीस अंशांची हवा. नुसत्या बारीक, गुळगुळीत मातीचे भांडे असेल तर या धक्क्याने तडकते. पण मातीत ग्रॉग असला की ती खुली राहते. हा चुरा एकदा भट्टीतून गेलेला असतो, त्यामुळे तो पुन्हा आकसत नाही आणि वळत नाही. एखादी चीर सुरू झाली तरी ती या कणापाशी येऊन अडते, पुढे पळत नाही.

"म्हणजे फुटक्या भांड्यांमुळे नवं भांडं टिकतं," तो म्हणाला आणि पुन्हा खलाकडे वळला. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काही सुचलेच नाही.

ताईंनी मला आधी एक काम सांगितले. "तुमची ओढणी सिंथेटिक आहे. आगीजवळ चालणार नाही." बहिणीने पिशवीतून सुती ओढणी काढून दिली, मी ती घट्ट बांधून घेतली. पायात बंद चपला, हातात जाड चामडी मोजे, बाजूला पाण्याच्या बादल्या. मला वाटले होते कलेचे ठिकाण म्हणजे हलकेफुलके असेल. इथली शिस्त आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेहून कडक होती.

मुलाने आपला एक वाडगा माझ्या हातात दिला. चाकावर नव्हे, हाताने दाबून दाबून केलेला. तो एकदा भाजून झालेला होता, फिकट गुलाबी आणि कोरडा. "बोटाने टिचकी मारा," तो म्हणाला. खणखणीत आवाज आला. "आवाज फुटका आला असता तर समजायचं, आत चीर आहे." मला सूरह रहमानची आठवण झाली. माणसाला कशापासून घडवले, हे सांगताना तिथेही भांड्यासारख्या खणखणणाऱ्या मातीचाच उल्लेख आहे. कितीदा पढले असेन, पण त्या आवाजाचा अर्थ त्या दिवशी कानाला कळला.

"याला झिलई तुम्ही लावा," तो म्हणाला.

झिलई म्हणजे ग्लेझ. तीन बादल्यांत तीन प्रकारची होती आणि तिन्ही मला ताकासारखीच दिसली. काच वितळवून तिची केलेली पूड, थोडी चिनी माती आणि पाणी, हा तिचा पाया. राकूची भट्टी लवकर आटोपते, म्हणून कमी तापमानाला वितळेल अशी, बोरॅक्सच्या जातीची काच यात वापरतात. एका बादलीत कथलाचे ऑक्साइड होते, त्याने पांढरा रंग येतो. दुसरीत तांब्याचे कार्बोनेट होते. मी तांब्याची निवडली. एकदा भाजलेली माती तहानलेली असते. कुंचला लावला की पाणी शोषून घेते आणि पूड वर राहते. तीन हात दिले. बूड कोरे ठेवले, नाहीतर वितळलेली काच भट्टीच्या फरशीला चिकटते.

भट्टी म्हणजे एक पिंपच होते. आतून कापसासारख्या पांढऱ्या तंतूंचे जाड अस्तर, खालून गॅसचा बर्नर. स्टोव्हचा आवाज दहापट मोठा करावा तसा आवाज. तासाभरात आकडा नऊशेच्या पुढे गेला. ताईंनी मला काळा चष्मा देऊन झरोक्यातून आत पाहायला लावले. माझा ताकाचा वाडगा आत केशरी उजेडात ओला होऊन चमकत होता, पाण्यातून काढल्यासारखा. "चमक आली की वेळ झाली. आकड्यापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवायचा," त्या म्हणाल्या.

मग सगळे भराभर झाले. गॅस बंद, झाकण वर. माझ्या मुलाने चिमटा आत घातला आणि पहिले भांडे उचलले. ते निखाऱ्यासारखे धगधगत होते. मी "सांभाळ!" असे ओरडणार होते, बहिणीने माझा हात दाबला. त्याने ते भुशाच्या डब्यात ठेवले, भडका उडाला, दुसऱ्या मुलीने झाकण दाबले. मग दुसरे भांडे, मग माझा वाडगा. हवेत आला तशी त्यातून टिणटिण अशी बारीक किणकिण ऐकू आली. ती झिलई तडकत होती. काच मातीपेक्षा जास्त आकसते, म्हणून तिच्यावर केसासारख्या रेषा पडतात. एरवी हा दोष मानतात. इथे तो मुद्दाम पाडतात, कारण त्या रेषांत धूर शिरतो आणि पांढऱ्या भांड्यावर काळी जाळी उमटते.

चौथे भांडे उचलताना मात्र 'टक्' असा आवाज झाला. तो उंच सुरईसारखा घाट होता. मान चिमट्यात राहिली आणि बाकीचे भट्टीत कोसळले. नंतर बहिणीने सांगितले, त्यावर तो आठ दिवस बसला होता.

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले. निकालाच्या दिवशीचा तो चेहरा मला पाठ होता, तोच दिसेल असे वाटले. त्याने मान बाजूला ठेवली, उरलेली भांडी काढली, झाकणे नीट दाबली. मग कपाळ पुसत ताईंना म्हणाला, "मान फार पातळ ठेवली मी. ग्रॉगही कमी होता." आणि मग, अगदी सहज, "असू दे. चुऱ्याला होईल."

मी तिथल्या कट्ट्यावर बसले. वीस वर्षे शिकवते आहे. नापास झालेल्या मुलाला काय सांगायचे, यावर मी भाषणे केली आहेत. पण 'चुऱ्याला होईल' हे वाक्य माझ्याजवळ नव्हते. आमच्या घरात फुटलेली गोष्ट लपवली जात होती, तिला ताप आला आहे असे पाहुण्यांना सांगितले जात होते. या अंगणात तिच्यासाठी वेगळी बादली होती.

डबे उघडायला वीसेक मिनिटे होती. मी दोनदा विचारले, "आता बघू का?" ताई हसल्या. "लवकर उघडलं की हवा आत जाते, पुन्हा पेट घेतो आणि हवा असलेला रंग जातो. आता आपलं काम थांबणं." चहा आला. तेवढ्यात त्यांनी राकूची गोष्ट सांगितली.

हे काम जपानच्या क्योतो शहरातले, सोळाव्या शतकाच्या अखेरचे. चहाविधीचे मोठे उस्ताद सेन नो रिक्यू यांना साधे, दिखावा नसलेले चहाचे वाडगे हवे होते. ते त्यांनी चोजिरो नावाच्या कारागिराकडून करून घेतले. चोजिरो कौले करणाऱ्यांपैकी होता. त्याने चाक न वापरता हातानेच लाल आणि काळे वाडगे घडवले. 'राकू' या अक्षराचा अर्थ सुख, निवांतपणा. पुढे तेच त्या घराण्याचे नाव झाले. आज क्योतोमध्ये त्या घराण्याची सोळावी पिढी तेच काम करते. काळा वाडगा तेही धगधगता असतानाच चिमट्याने बाहेर काढतात, पण भुशात घालत नाहीत.

भुशाची रीत अमेरिकेतली. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभाराने 1911 साली टोकियोत एका मेजवानीत राकू भट्टी पाहिली, स्वतः रंगवलेले भांडे तासाभरात तयार होऊन हातात आले आणि तो जन्मभराचा कुंभार झाला. 1940 साली त्याने मातीकामावर पुस्तक लिहिले. ते वाचून 1960 साली कॅलिफोर्नियात पॉल सोल्डनर या शिक्षकाने राकू करून पाहिले. भांडे मनासारखे दिसेना, म्हणून त्याने ते गरम असतानाच पाचोळ्यात घातले. तिथून हा धुराचा प्रकार जगभर गेला, आपल्याकडच्या स्टुडिओंतही आला.

डबे उघडले. माझा वाडगा बाहेर काढून पाण्यात बुडवला तेव्हा तो कोळशासारखा काळा होता. मुलाने तारेच्या घासणीने घासायला सांगितले. घासता घासता काजळीखालून तांबडा लखलखता रंग वर आला, नव्या घासलेल्या तपेलीसारखा. एका बाजूला मोरपंखी पट्टा होता. जिथे झिलई नव्हती, तिथली माती काळीभोर.

"मी तर हिरवट पूड लावली होती," मी म्हणाले.

"अम्मी, ही केमिस्ट्री आहे," तो म्हणाला, आणि जमिनीवर काडीने समीकरण लिहू लागला. बंद डब्यात भुसा जळतो, पण त्याला हवा पुरत नाही. प्राणवायूला भुकेलेला तो धूर झिलईतल्या तांब्याच्या ऑक्साइडमधला प्राणवायू ओढून घेतो. मागे उरते शुद्ध तांबे, म्हणून ही लाली. जिथे फटीतून थोडी हवा पोहोचली, तिथे तांबे पुन्हा ऑक्साइड झाले, म्हणून मोरपंखी. दोन वर्षे जी केमिस्ट्री त्याच्या छातीवर दगड होऊन बसली होती, ती तो मला हसत हसत शिकवत होता.

घरी आल्यावर मी याविषयी वाचले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. धुराने धातूची चमक आणायची ही युक्ती मुस्लिम कारागिरांना अकराशे वर्षांपूर्वी माहीत होती. नवव्या शतकात इराकमध्ये कुंभार पांढऱ्या झिलईवर चांदी आणि तांब्याच्या संयुगांनी नक्षी काढत आणि धुराच्या मंद भट्टीत पुन्हा भाजत. सोने न वापरता सोन्यासारखी भांडी तयार होत. ट्युनिशियातल्या कैरवानच्या जामा मशिदीत मेहराबीभोवती त्या काळच्या अशा फरशा आजही आहेत. इराणमधल्या काशान शहरात ही कला बहरली, आणि तिथल्या कुंभार घराण्यातल्या अबुल कासिम यांनी 1301 साली तिची कृती लिहून ठेवली. ती रीत राकूहून वेगळी, पण धुराचे तत्त्व एकच. दुसऱ्या दिवशी वर्गात मी मुलांना हे सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरचा एक नेहमी गप्प असणारा मुलगा म्हणाला, "बाई, माझे आजोबाही वीटभट्टीवर आहेत." एरवी मी तो धागा सोडून पुढे गेले असते. त्या दिवशी मी त्याला फळ्यापाशी बोलावून विटा कशा भाजतात ते सांगायला लावले.

पण पुन्हा पुण्याकडे येते. परत निघताना मुलगा आम्हाला रिक्षापर्यंत सोडायला आला. तो माझ्याबरोबर यायला तयार होता, बॅगही भरली होती. मी म्हणाले, "महिनाअखेर ये. घाई नाही." मग ज्यासाठी दिवसभर हिंमत गोळा करत होते, ते म्हणाले. "त्या रात्री मी स्वयंपाकघरात जे बोलले, ते चुकीचं बोलले. आणि लग्नाच्या वेळचं खोटंही. मला माफ कर, बेटा."

तो थोडा वेळ हातावरची धूळ चोळत राहिला. "मला वाटलं होतं, तुम्हाला ते आठवतही नसेल," तो म्हणाला.

रिक्षात मी खूप रडले. बोलणारा विसरतो, असे मुले धरून चालतात. आणि आपण विसरतोच.

मिरजेत त्याच्या अब्बांना समजावणे सोपे गेले नाही. त्यांनी वाडगा हातात घेतला, फिरवून पाहिला आणि विचारले, "याचे किती येतात?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, कर्जाचे हप्ते तेच भरतात. मुलगा आला तेव्हा त्यानेही खरे तेच सांगितले, की लगेच यातून घर चालत नाही. सध्या तो जवळच्याच कॉलेजात बी.एस्सी. करतो, विषय रसायनशास्त्र. पुढे सिरॅमिक्स शिकायचे त्याच्या मनात आहे. बडोद्याला आणि अहमदाबादला ते शिकवतात, त्याची माहिती तो काढतो आहे. तिसऱ्यांदा 'नीट' दिली नाही. हा निर्णय बरोबर की चूक, ते मी आज सांगू शकत नाही. त्याचे अब्बा अजून पूर्ण राजी नाहीत. पण मागच्या महिन्यात ते दुकानातून येताना बारीक जाळीची एक लोखंडी चाळण घेऊन आले आणि अंगणात ठेवत म्हणाले, "पडून होती तिकडे. तुझ्या चुऱ्याला चालते का बघ." मुलाने ती कितीतरी वेळ हातात धरली होती.

वाडगा आता आमच्या दिवाणखान्यात आहे. सासूबाईंना तो फार आवडला, ईदला त्यात शीरखुर्मा द्यायचा म्हणाल्या. मुलाने घाईघाईने थांबवले. दादी, यात खायचे नाही. ही माती पूर्ण पिकलेली नसते, पाणी आत झिरपते, झिलईला रेषा असतात आणि वर तांबे असते. कुठल्या प्रदर्शनात तुम्ही असे चमकदार राकू भांडे घेतलेत, तर तुम्हीही ते शोभेसाठीच ठेवा. दादी म्हणाल्या, "मग हे कसलं भांडं?" शेवटी त्यात त्यांची तसबीह राहू लागली.

तांब्याची ती लाली हळूहळू उतरते आहे. हवेने तांबे पुन्हा ऑक्साइड होते, हे मुलाने आधीच सांगितले होते. काठाकडे आता मोरपंखी रंग पसरला आहे. मला तो तसाही बरा वाटतो.

भगिनींनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा कित्येक घरांत निकाल लागलेले असतील. ज्यांच्याकडे पेढे आहेत, त्यांना मुबारक. ज्यांच्या घराचे दार बंद आहे, त्यांना मी उपदेश करणार नाही, तो अधिकार मी त्या रात्रीच गमावला. एवढेच म्हणते, मुलाला ताप आहे असे पाहुण्यांना सांगू नका. दार उघडा, आणि तो काय कुटत बसला आहे ते त्याच्याजवळ बसून विचारा.